हात न लावता

शैलाताईंनी कापड हातात घेतलं आणि सवयीनं आधी त्याची किनार चाचपली. इचलकरंजीला बावीस वर्षं त्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात कापड तपासायला होत्या. टेबलावरून कापड सरकत जायचं आणि त्या नुसत्या बोटांनी सांगायच्या, इथं ताणा तुटलाय, इथं बाणा जाड पडलाय. हे कापड चांगलं होतं. तिरक्या विणीचं, दोन्ही अंगांनी सारखं, कुणाकुणाची पोरं वाहून मऊ पडलेलं. लांबीला पाचवारीएवढं. उभं-आडवं ओढलं तर हलत नव्हतं, तिरकं मात्र जरा ढील देत होतं.

"गूट?" फ्राऊ लिंडनरनं विचारलं.

"चांगलं आहे," शैलाताई मराठीतच म्हणाल्या.

फ्राऊ लिंडनर म्हणजे घरी येणारी सुईण. बाळंतपणानंतर इकडे अशी बाई घरी येते, बाळाचं वजन करते, बाळंतिणीचं पोट बघते, दूध पुरतंय का विचारते. या घरात आता बाळंतीण नव्हती. ऊर्मिला जाऊन एकोणीस दिवस झाले होते. पण बाळ होतं, म्हणून फ्राऊ लिंडनरच्या मंगळवार-गुरुवारच्या फेऱ्या थांबल्या नव्हत्या.

ऊर्मिला शैलाताईंची एकुलती एक मुलगी. जावई मल्हार जर्मनीत डार्मश्टाटच्या युनिव्हर्सिटीत मेकॅनिकलमध्ये पीएचडी करत होता, ती फ्रँकफर्टजवळ एका ऑफिसात नोकरीला होती. मल्हारची आई तो कॉलेजात असतानाच गेलेली. वडील इस्लामपूरला, डोळ्यांनी अधू. तेव्हा बाळंतपणाला येणार तर शैलाताईच. साखरेच्या दुखण्यात एक पाय गमावून बसलेल्या राजाभाऊंना, म्हणजे नवऱ्याला, पुतण्याच्या भरवशावर सोडून त्या नव्वद दिवसांच्या व्हिसावर आल्या. डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, घाण्यावरचं तिळाचं तेल, जुन्या साड्यांची दुपटी, सगळं बांधून आणलं.

मुलगी झाली. नाव आधीच ठरलेलं होतं, ईप्सिता. हॉस्पिटलच्या फॉर्मवर ऊर्मिलानं ते स्वतःच्या हातानं लिहिलं. बाराव्या दिवशी घरातल्या घरात बारसं करायचं होतं. अकराव्या दिवशी सकाळी ऊर्मिला बाथरूमकडे जाता जाता भिंतीला धरून थांबली. "आई, मला श्वास..." एवढंच म्हणाली आणि खाली बसली. अँब्युलन्स सात मिनिटांत आली. त्या माणसांनी हॉलमधलं टेबल ढकलून जागा केली आणि बराच वेळ तिच्या छातीवर दाब देत राहिले. दुपारी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये डॉक्टरीणबाई बोलत होत्या आणि मल्हार एकेक वाक्य मराठी करून सांगत होता, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल.

"पायात रक्ताची गाठ झाली होती. ती वर फुफ्फुसात गेली. डिलिव्हरीनंतर होऊ शकतं, म्हणतायत. फार क्वचित."

"कुठल्या पायात?" शैलाताईंनी विचारलं.

मल्हारनं विचारलं आणि सांगितलं, "डाव्या."

त्या दिवसानंतर त्याबद्दल शैलाताईंच्या तोंडून अवाक्षर निघालं नव्हतं.

ईप्सिता खाली ठेवली की रडायची. नुसती कुरकुर नाही. पार निळी-जांभळी होऊन, मुठी आवळून रडायची. बाटली संपवायची, ढेकर द्यायची, आणि गादीला पाठ टेकली की सुरू. म्हणून शैलाताई तिला सतत खांद्यावर घेऊन असायच्या. एकसष्टाव्या वर्षी उजवा खांदा त्यांना जुमानत नव्हता. चहाचं पातेलं उचलतानाही कळ यायची. फ्राऊ लिंडनरनं ते पाहिलं होतं. म्हणून या मंगळवारी ती बाळ अंगाशी बांधायचं हे कापड घेऊन आली, आणि सोबत एक बाहुली, तीन किलो वजनाची, मान लटकणारी.

"मल्हार," तिनं हाक मारली. "तुम्ही भाषांतर करा. आणि शिका पण. दोघांनी शिकायचं."

मल्हार स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. भाषांतर त्यानं केलं, पण खिडकीकडे बघत. ऊर्मिला गेल्यापासून त्यानं मुलीला घेतलं नव्हतं. दूध बनवायचा, डायपर आणायचा, बाटल्या उकळायचा. पण तिच्यापासून हातभर अंतर ठेवून, गरम तव्याजवळून जावं तसा.

"कापडाचा मध्य शोधा. मध्यावर खूण शिवलेली आहे. ती छातीवर धरायची," तो सांगत होता. "दोन्ही टोकं काखेखालून पाठीवर. पाठीवर फुली. मग खांद्यांवरून पुढे. म्हणते, पाठीवर पीळ पडू द्यायचा नाही, नाहीतर रुतेल."

शैलाताईंना हे कळायला भाषांतर लागत नव्हतं. कापड कुठं ताणलंय आणि कुठं झोळ पडलाय हे त्यांच्या अंगालाच समजत होतं. बाहुली आत सरकवली, पाय खालून बाहेर काढले, कापड दोन्ही गुडघ्यांच्या लवणीपर्यंत ओढलं. फ्राऊ लिंडनरनं त्यांचा हात धरून दाखवलं, पट्टा एकदम खेचायचा नाही. आधी मानेजवळची कड, मग तिच्या शेजारचं, मग त्याच्या शेजारचं, असं चिमटीचिमटीनं आवळत बाहेरपर्यंत यायचं. मग टोकं बाळाच्या बुडाखाली फुली करून, मांड्यांखालून पाठीमागं, आणि दुहेरी गाठ.

"गेनाऊ," ती म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर. "आता बघा. गुडघे बुडापेक्षा वर. पाठ गोल. तोंड कायम दिसलं पाहिजे. हनुवटीखाली दोन बोटं जागा, नाहीतर श्वास अडकतो. आणि टाळूचा मुका घेता आला पाहिजे इतकं वर."

मल्हारनं शेवटचं वाक्य अर्ध्यावर सोडलं, पण शैलाताईंना कळलं. दुसऱ्या खेपेला बाहुली बाजूला ठेवून खरं बाळ घेतलं. ईप्सिता दोन मिनिटं रडली, कपाळ छातीवर घासलं, आणि शांत झाली. घरात इतकी शांतता झाली की फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. शैलाताईंचे दोन्ही हात मोकळे होते. ते कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते पदरात गुंडाळले.

त्या दिवसापासून दिवसाचा बराच वेळ मुलगी त्यांच्या अंगावर असायची. तिला बांधलेलं असताना भाकरी थापायची नाही, गॅसजवळ जायचं नाही असं फ्राऊ लिंडनरनं बजावलं होतं; पण कपडे वाळत घालायच्या, जिना उतरून खालच्या रस्त्यानं चर्चपर्यंत जाऊन यायच्या. म्हाताऱ्या जर्मन बायका थांबून हसायच्या, काहीतरी बोलायच्या. शैलाताई "या, या", म्हणजे हो, हो, एवढंच म्हणायच्या. कुणालाच काही सांगायची गरज नव्हती, हे बरं होतं.

मल्हार कागदपत्रं करत होता. स्टांडेसआम्ट नावाच्या कचेरीत जन्माचा दाखला मिळतो आणि मृत्यूचाही तिथंच. तो सकाळी गेला आणि दोन्ही दाखले एकाच पाकिटातून घेऊन आला. ते पाकीट त्यानं टेबलावर ठेवलं, आणि तिथंच उभा राहून पाणी प्यायला. मग बाळाच्या पासपोर्टसाठी फ्रँकफर्टला फेऱ्या. आईची सही कुठाय, असं फॉर्म विचारायचा. प्रत्येक वेळी तो दुसरा दाखला पुढं करायचा.

पासपोर्ट कशासाठी, हे शैलाताईंना त्यानं मार्चच्या मध्यावर सांगितलं. रविवार होता. दुपारी जेवणं झाली होती, आणि ईप्सिता त्यांच्या छातीला बांधलेली, झोपलेली.

"आई, तुमचं तिकीट चार एप्रिलचं आहे. मी तिचंही काढलंय."

शैलाताई बघत राहिल्या.

"तुम्ही घेऊन जा तिला. मी इथं काय करणार? मला ती रडली की... मला जमत नाही. शाळेत जाईपर्यंत तुमच्याकडे राहू दे. पैसे पाठवत जाईन. वर्षातून एकदा येईन."

"अहो, पण बाप आहात तुम्ही."

"तुमच्याकडे आल्यावर ती शांत होते. रोज बघतोय मी. तुमच्या हातालाच कळतं तिला काय हवंय ते. ऊर्मिला पण म्हणायची, आईचा हात फिरला की दुखणं पळतं."

शैलाताईंनी डोळे मिटून घेतले. गेले कित्येक दिवस त्यांनी मनात हेच मांडलं होतं, की पोरीला इचलकरंजीला न्यावं. मधल्या खोलीत पाळणा टांगावा. तिचं नाक ऊर्मिलेचं आहे, राजाभाऊंना ते बघून जगायला कारण मिळेल. देवाकडं मागितलं असतं तरी याहून जास्त काय मागितलं असतं? आणि जावई ते आपण होऊन ओटीत घालत होता. गप्प बसायचं होतं फक्त. ती गेल्यापासून एकतीस दिवस गप्प बसल्याच होत्या.

पण तो हातांबद्दल बोलला. तो बोलला नसता तर कदाचित त्या गप्प राहिल्या असत्या, असं त्यांना पुढं आयुष्यभर वाटत राहिलं.

"मल्हारराव," त्या म्हणाल्या, "बसा खाली. एक सांगायचंय."

तो बसला.

"ऊर्मिलेचा पाय दुखत होता. डावा. पोटरीत."

"कधी?"

"आठव्या दिवसापासनं. म्हणाली, आई, गोळा आल्यासारखं झालंय, पाय जड लागतोय. मी म्हटलं, बाळंतिणीचे पाय भरून येतातच. तेल कोमट केलं आणि चोळलं."

मल्हारचा चेहरा हलला नाही. "किती वेळा?"

"तीन दिवस. तुम्ही यायच्या आधी, दुपारचं. चांगलं दाबून. तिला बरं वाटायचं, झोप लागायची." त्यांचा आवाज सरळ चालला होता, त्यांनाच त्याचं नवल वाटलं. "हाताला गरम लागत होतं तिथं. सूजही होती थोडी. मला वाटलं, वात धरलाय."

"मंगळवारी फ्राऊ लिंडनर आली होती. त्याच आठवड्यात. तिला का नाही सांगितलं?"

"ऊर्मिला सांगणार होती. मला विचारलं, सांगू का गं. मी म्हटलं, एवढ्यातेवढ्यावरनं डॉक्टर कशाला, इथली माणसं लगेच सुया टोचतात. माझ्याच सांगण्यावरनं ती गप्प बसली."

हजारो मीटर कापडातला बारीकसा दोष त्या बोटांना कळायचा. मुलीच्या पोटरीतला त्यांना कळला होता आणि त्यांनी तो चोळून काढायचा प्रयत्न केला होता. हे त्यांना म्हणायचं होतं, पण ते शब्द आले नाहीत. "या हातांनीच केलं मी," एवढंच त्या म्हणाल्या.

मल्हार उठला. आधी वाटलं बाहेर जाईल. तो त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"काढा तिला."

"झोपलीय हो."

"काढा."

शैलाताईंनी मागं हात नेऊन गाठ सोडली. कापड ढिलं झालं तशी ईप्सिता जागी झाली. मल्हारनं दोन्ही हातांनी तिला उचललं, काखेत धरून, मांजराचं पिल्लू उचलावं तसं. ती किंचाळली. तो तिला घेऊन आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

दीड-दोन तास ती रडत होती. शैलाताई दाराशी उभ्या होत्या. आत त्याच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या, मध्येच बाटलीचा आवाज, मध्येच त्याचं "शू, शू". एकदा दार उघडून तो दूध करायला आला. मुलगी त्याच्या कोपरात वाकडीतिकडी, मान मागं पडलेली. शैलाताईंनी न राहवून हात पुढं केला.

"हात लावू नका."

तो ओरडला नाही. हळूच म्हणाला. शैलाताई दोन पावलं मागं सरकल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या.

पाच वाजायला आले तेव्हा तो पुन्हा बाहेर आला. शर्टाला दुधाचे डाग, डोळे लाल. मुलीला सोफ्यावर दोन उशांमध्ये ठेवलं. जमिनीवर पडलेलं कापड उचललं आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "हे कसं बांधायचं? तिथूनच सांगा. हात न लावता."

शैलाताईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"आधी मध्य शोधा. खूण आहे बघा कापडाला."

"हं."

"ती छातीवर. बरोबर मधोमध. टोकं काखेखालनं मागं. फुली करा. आता खांद्यावरनं पुढं घ्या. नको, नको, थांबा. डावीकडं पाठीवर पीळ पडलाय. सोडा. पहिल्यापासनं."

त्यानं सोडलं. पुन्हा बांधलं. पुन्हा पीळ. सोफ्यावर मुलगी हातपाय झाडत रडत होती. तिसऱ्या वेळी जमलं.

"म्हणजे लोड दोन्ही खांद्यांवर सारखा यायला पाहिजे," तो स्वतःशीच पुटपुटला.

"होय. आता तिला उचला. खांद्यावर घ्या, ढेकर काढतात तशी. एक हात बुडाखाली. तो हात गाठ मारेपर्यंत काढायचा नाही, काही झालं तरी. आता हळूहळू आत सोडा. पाय खालनं बाहेर येऊ देत."

"ती ताठ होतेय."

"होऊ दे. आपण घाबरलो की ती घाबरते. श्वास सोडा तुम्ही." श्वास हा शब्द तोंडातून गेला आणि दोघंही क्षणभर थांबले. मग शैलाताईंनीच पुढं रेटलं. "कापड दोन्ही गुडघ्यांच्या मागपर्यंत ओढा. बेडकासारखे पाय आले पाहिजेत. वरची कड मानेपर्यंत. आता आवळायचं. एकदम नाही. मानेजवळची कड चिमटीत धरा, ओढा. आता तिच्या शेजारचं. कापडाचा एकेक पदर वेगळा हाताला लागेल बघा."

मल्हारची बोटं कापडाची कड शोधत होती. प्रयोगशाळेत केसाएवढ्या मापाचं काम करणारा माणूस. पण हे कापड त्याला सापडत नव्हतं. एका हातानं मुलीला धरून दुसऱ्यानं ओढताना तो घामाघूम झाला. शेवटी टोकं खालून फुली करून मागं नेली आणि गाठ मारली. मुलीचं रडणं कमी झालं. ती हुंदके देत होती. मग हळूहळू तिची मान खाली खाली जाऊ लागली.

"हनुवटी!" शैलाताई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "हनुवटी छातीला टेकलीय! सैल राहिलंय, खाली घसरलीय ती. वर घ्या. मल्हारराव, वर घ्या तिला आधी!"

त्यानं घाबरून तिला बुडाखालून वर रेटलं. तोंड वर आलं. नाकपुड्या हलत होत्या.

शैलाताईंचे हात पुढं आलेले होते, हवेत, मुलीपासून वीतभर लांब. मल्हारनं त्या हातांकडे पाहिलं. त्यांनी ते मागं घेतले आणि पुन्हा खाली बसल्या.

"गाठ सोडा," त्या म्हणाल्या. "पुन्हा आवळा. हनुवटीखाली दोन बोटं जायला हवीत. घालून बघा."

दुसऱ्यांदा त्यानं नीट आवळलं. दोन बोटं घालून पाहिली. एकदा, मग परत एकदा. ईप्सिता झोपली. तो तसाच उभा राहिला, भिंतीकडं तोंड करून. त्याचे खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. बहुतेक ती उठेल म्हणून. ऊर्मिला गेल्यापासून शैलाताईंनी त्याला रडताना पहिल्यांदा पाहिलं. उठून जवळ जावं असं त्यांना वाटलं. त्या उठल्या नाहीत.

मंगळवारी फ्राऊ लिंडनर आली. मल्हारनं तिला टेबलाशी बसवलं आणि जर्मनमध्ये सगळं सांगितलं. शैलाताई समोर बसल्या होत्या. त्यांना शब्द कळत नव्हते, पण मध्ये तीन दिवस, डावा पाय, तेल, हे सगळं त्यांना त्याच्या हातवाऱ्यांवरून कळत होतं. फ्राऊ लिंडनरनं चष्मा काढला. बराच वेळ बोलली. एकदा तिनं टेबलावरून हात पुढं करून शैलाताईंच्या मनगटावर ठेवला.

"काय म्हणाली?" शैलाताईंनी नंतर विचारलं.

मल्हारनं काही लपवलं नाही. "म्हणाली, गाठ आधीच झालेली होती. चोळल्यामुळे सुटली असेल, किंवा न चोळता पण सुटली असती. कुणालाच कधी कळणार नाही. वेळेवर सांगितलं असतं तर इंजेक्शनं देता आली असती. आणि म्हणाली, त्या मंगळवारी तिनं स्वतः पाय बघायला हवे होते. दुसऱ्या एका बाईकडे घाईचं होतं म्हणून ती लवकर निघाली. रोज आठवतं तिला."

"मग?"

"मग काही नाही, आई." त्यानं खुर्ची मागं सरकवली. "मला पटतंय ते सगळं. डोक्याला पटतंय. पण मला तुमच्या हातांकडे बघवत नाही."

शैलाताईंनी मान हलवली. त्यांना स्वतःलाही बघवत नव्हतं, त्यामुळं त्यात राग येण्यासारखं काही नव्हतं.

त्यानं ईप्सिताचं तिकीट रद्द केलं. प्रोफेसरांना भेटून वर्षभराची रजा घेतली; बाळासाठी बापालाही इथं रजा मिळते. राहिलेले दोन आठवडे ते एकाच घरात असे राहिले, की पाहुणा कोण आणि यजमान कोण ते कळू नये. शैलाताई भात-आमटी करून झाकून ठेवायच्या. तो जेवायचा, ताट धुऊन ठेवायचा. बाटल्या, दुपटी, अंघोळ, सगळं तो करायचा. त्यांनी नुसतं बघायचं. पाणी जास्त गरम आहे असं वाटलं तर दारातून सांगायचं. तो ऐकायचा. एकदाही म्हणाला नाही की तुम्हाला काय कळतं. मुलगी त्याच्या छातीवर आता लवकर शांत व्हायची. पहिल्या आठवड्यात रोज तीनदा तरी गाठ सोडून पुन्हा बांधायचा; दुसऱ्या आठवड्यात एकदाच. शैलाताईंना ते बघून बरं वाटायचं आणि त्याच वेळी छातीत, जिथं ती डोकं टेकायची तिथं, सोलून काढल्यासारखं व्हायचं. एका दुपारी तो कचरा टाकायला खाली गेला, मुलगी पाळण्यात जागी होती. तिचे हात हवेत हलत होते. शैलाताई पाळण्याशी उभ्या राहिल्या आणि तो वर येईपर्यंत तिच्याशी बोलत राहिल्या. तिला शिवल्या नाहीत.

चार एप्रिलला तो त्यांना फ्रँकफर्टच्या विमानतळावर सोडायला आला. पुढं मुलगी बांधलेली, पाठीला सॅक. चेक-इन झाल्यावर त्यानं सॅकमधून एक जड डबा काढला, कापडी पिशवीत ठेवलेला, सोबत तीन-चार कागद. ऊर्मिलेच्या अस्थी. त्या भारतात न्यायच्या म्हणून त्यानं आठवडाभर पुन्हा कचेऱ्या पालथ्या घातल्या होत्या.

"सिक्युरिटीत विचारलं तर हे कागद दाखवा. बॅग हातातच ठेवा. सामानात टाकू नका."

"नाही टाकणार."

"वाडीलाच सोडा. संगमावर. तिला आवडायचं तिथं."

शैलाताईंनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. त्यानं ती त्याच हातांत दिली, एवढं त्यांनी पाहिलं. मग त्या ईप्सिताच्या तोंडाकडं बघत राहिल्या. ती जागी होती आणि छताच्या दिव्यांकडं टक लावून होती. मल्हार वाकला; त्यांच्या पायाशी हात नेला, पण पुढं मुलगी असल्यामुळं त्याला नीट वाकता आलं नाही.

"पोचलात की कळवा," तो म्हणाला.

इचलकरंजीला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी पुतण्या नागेशनं त्यांना नरसोबाच्या वाडीला नेलं. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिताना त्यांनी राजाभाऊंना सगळं सांगितलं. राजाभाऊंनी कप खाली ठेवला. दिवसभर ते भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. संध्याकाळी म्हणाले, "भावकीत कुणाला बोलू नकोस." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि शैलाताईंनी त्यांचा उरलेला पाय चोळून द्यायला घेतला तर दरवेळी म्हणायला लागले, "राहू दे, आज बरा आहे."

मल्हार दर रविवारी फोन लावायचा. मुलीसमोर धरून ठेवायचा, स्वतः चित्रात यायचा नाही. "दात येतायत," "पालथी पडते," एवढं सांगायचा. पाच-सहा मिनिटं. शैलाताई बोलायच्या, ईप्सिता पडद्याला हात लावायची, मग तो म्हणायचा, "ठेवतो, आई."

जुलैच्या शेवटी एका बुधवारी फोन आला. बुधवारी तो कधी करत नसे. शैलाताईंनी घाबरूनच उचलला.

"काय झालं हो? बरी आहे ना?"

"बरी आहे. काही नाही झालं." तो जरा थांबला. "डॉक्टर म्हणाल्या, सहा महिने झाले, आता वरचं सुरू करा. आपल्याकडे काहीतरी असतं ना, पहिल्यांदा भरवायचं?"

"उष्टावण."

"हां. ते कसं करतात?"

शैलाताई पलंगावर बसल्या. "मामा भरवतो खरं तर. तिला मामा नाही. तुम्हीच भरवा. पाटावर बसायचं, मांडीवर घ्यायची. तांदळाची खीर करतात."

"साखर नको म्हणाल्यात त्या."

"मग नुसता मऊ भात. तांदूळ धुऊन, पाच पट पाणी घाला. शिजला की चमच्यानं घोटा, चाळणीतनं काढा. कणी राहता कामा नये."

"थांबा. लिहून घेतो." कागदाचा आवाज आला. "पाच पट पाणी. मीठ?"

"मीठ नको. थेंबभर तूप. आणि पहिल्या दिवशी दोनच चमचे. तिनं तोंड फिरवलं तर पुन्हा द्यायचं नाही."

"दोन चमचे," त्यानं म्हटलं. मागं ईप्सिता काहीतरी बडबडत होती. "रविवारी करू. साडेअकराला, तुमच्या तीन वाजता. फोन समोर लावून ठेवतो. चुकलं तर सांगा."

"बरं."

"बाबांनाही बसवा."

फोन बंद झाला. राजाभाऊ आतून विचारत होते, "कोण होतं गं? काय म्हणाला?"

"भात कसा शिजवायचा ते विचारत होता," शैलाताई म्हणाल्या, आणि फोन हातात घेऊन तशाच बसून राहिल्या.